जिभेखालची गोळी

माझ्या नवऱ्याला बाजारात कुणी नावाने हाक मारत नाही. खिळ्या म्हणतात. सोफ्याला कापड ठोकणारा माणूस. सकाळी मूठभर बारीक खिळे तोंडात टाकतो आणि जिभेने एकेक ओठांवर आणतो. चुंबकाची हातोडी ओठांजवळ नेली की खिळा तिला चिकटतो आणि दुसऱ्या क्षणी लाकडात बसलेला असतो. हे करता करता तो गिऱ्हाइकाशी बोलतो, चहाला नको म्हणतो, शिवण वाकडी गेली तर माझ्यावर ओरडतो, पण खिळा कधी गिळत नाही. समोरच्या मशिनवर मी गाद्यांच्या खोळी शिवते. नवी नवरी होते तेव्हा मला या कलेचं फार कौतुक होतं.

तोंडावर मी त्याला ‘अहो’च म्हणते. इथे ‘तो’ लिहिते आहे, कारण लिहायला बसलं की मला राग येतो आणि रागात आदर टिकत नाही.

तर हा माणूस गर्द घ्यायचा. आधी ओढायचा, मग सुईने. सुरुवात कुणी करून दिली, कशी झाली, हे सांगण्यात आता अर्थ नाही. दर वेळी तो वेगळंच सांगतो आणि दर वेळी खरं वाटेल असं सांगतो. घरातली भांडी गेली, माझं पहिलं शिलाई मशीन गेलं, दुकानातल्या गिऱ्हाइकाचा अख्खा सोफा एकदा गेला. सासूला विचारलं तर ती म्हणायची, ‘माझा मुलगा दमतो गं. दमलेला माणूस झोपणारच.’ दुपारी बारा वाजता, बसल्या जागी, तोंडाची लाळ छातीवर, आणि म्हणे दमलाय. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, अशी आमच्या घराची तऱ्हा होती.

त्या दिवसांत मी प्रत्येक नमाजनंतर हात पसरून एकच गोष्ट मागायची. श्रीमंती मागितली नाही, घर मागितलं नाही. म्हटलं, याला नमाजी कर. बाकीचं मी बघते.

आणि अल्लाहने ऐकलं. म्हणून तर पंचाईत झाली.

व्यसनमुक्ती केंद्रातून तो हाडांचा सापळा होऊन परत आला. गर्दुल्ल्याचा सगळा दिवस एकाच गोष्टीभोवती फिरत असतो. ती कुठून आणायची, कुठे घ्यायची, उतरली की पुन्हा कुठून आणायची. ती काढून घेतली की दिवस नुसता लोळागोळा होऊन पडतो, त्याचं करायचं काय ते कळत नाही. नमाजने त्या दिवसाला पाच खुंट्या ठोकल्या. पहाटे उठायचं आहे, म्हणून लवकर झोपायचं आहे. दुपारी जायचं आहे, म्हणून त्याआधी सोफ्याची पाठ तरी संपवायची आहे. मी समोर मशिनवर बसून बघत होते. कुठल्याही डॉक्टरने केलं नसतं ते त्या पाच वेळांनी केलं, हे मी नाकारणार नाही. ज्यांना हे ढोंग वाटतं त्यांनी एकदा गर्दुल्ल्याबरोबर संसार करून बघावा.

मशिदीच्या नळावर मात्र तो नमाजआधीचा वजू करायचा नाही. वजूला बाह्या कोपरापर्यंत वर घ्याव्या लागतात आणि त्याच्या हातांवर सुयांचे डाग आहेत. घरूनच हात-पाय धुऊन, बाहीची बटणं लावून जायचा. कडक उन्हाळ्यातही पूर्ण बाहीचा शर्ट. मी मनात म्हटलं, जातोय ना, जाऊ दे.

नमाजच्या जोडीला दवाखान्यातली गोळी होती. जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायची नाही. ही गोळी अंगाला गर्दची आठवण येऊ देत नाही. सरकारी दवाखाना, रोज जायचं, सिस्टरच्या समोर घ्यायची, मग ती जीभ वर करायला सांगून बघते. घरी नेऊ देत नाहीत, कारण लोक बाहेर विकतात. वेळ फक्त सकाळी दहापासून दुपारपर्यंत. डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ही गोळी मनाने बंद केली तर माणूस परत गर्दकडे जातो, आणि मध्ये खंड पडला असला की जुना डोस शरीराला सोसत नाही. माणूस तिथल्या तिथे जातो. केंद्रात याच्या शेजारच्या खाटेवर असलेला वेल्डर असाच गेला होता. त्याच्या जनाज्याला खांदा देऊन आला तेव्हा याने जेवणाला हात लावला नव्हता.

असं सगळं चाललं होतं. मग आला अत्तरवाला.

मशिदीच्या दाराशी हा अत्तराची पेटी घेऊन बसतो. ‘बिनदारूचं अत्तर’ अशी पाटी. ते खरंही असेल. पण त्याला स्वतःच्या पाटीची नशा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मनगटाला बोट लावायचं आणि सोबत एक उपदेश फुकट द्यायचा. याने भोळेपणाने त्याला गोळीबद्दल सांगितलं. अत्तरवाला म्हणाला, ‘भाई, मोठी नशा सोडलीस आणि धाकटीशी निकाह लावलास. नशेत नमाज होते का? इतके दिवस पढतोयस त्यातली एक तरी वर पोचली असेल का, विचार कर.’

याने विचार केला. माझा नवरा आयुष्यात फारसा विचार करत नाही, आणि करतो तेव्हा नेमका नको तिथे करतो.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. रमजान सुरू झाला. आम्ही तिघं पहाटे उठून सहेरीचं खाऊन घ्यायचो. तो दुकान उघडायचा, मध्ये दवाखान्यात जाऊन यायचा. मला वाटायचं, गोळी घेतो आहे म्हणजे याचा रोजा नाही, लोकांसाठी आणि आईसाठी पहाटे उठून बसतो बिचारा. आजारी माणसाला रोजा माफ आहे, नंतर भरून काढायचा, हे तर पोरांनाही माहीत असतं.

मग त्याला जांभया यायला लागल्या. रमजानात अख्खी वस्ती जांभया देते, मी लक्ष दिलं नाही. नाकातून पाणी गळायला लागलं. फोमची धूळ असेल म्हटलं. एका दुपारी तो आरामखुर्चीची बैठक ठोकत होता, पंखा बंद, दोघंही घामाने निथळत होतो, आणि त्याच्या मानेवर मला काटा आलेला दिसला. उन्हाळ्यात शहारा. मशिनवरचा माझा पाय थांबला. हा शहारा मी ओळखते. केंद्राच्या पहिल्या आठवड्यात तो असाच शहारत होता.

‘गोळी घेता ना?’ मी विचारलं.

‘रोज जातो की.’

‘जाता ते विचारलं नाही. घेता का?’

त्याने तोंडातले खिळे तळहातावर काढले. हे तो फक्त खोटं बोलायचं नसेल तेव्हा करतो. म्हणाला, ‘गालात ठेवतो. सिस्टर जीभ उचलून बघते, गालात बघत नाही. बाहेर आलो की थुंकतो.’

ज्या कलेचं मी कौतुक करायची, ती त्याने अशी कामी लावली होती. सिस्टर बिचारी रोज शंभर जिभा बघते. खिळेवाल्याचा गाल तिला काय कळणार.

मी ओरडले का? ओरडलेच. शेजारच्या छत्रीदुरुस्तीवाल्याने शटर अर्ध्यावर ओढलं इतकी ओरडले. म्हटलं, परत सुरू केलंय का? तर दुखावल्यासारखा बघायला लागला आणि अत्तरवाल्याचं बोलणं सांगितलं. ‘शपथ घेऊन सांगतो, शिवलो नाही. उलट मला पूर्ण पाक व्हायचंय. आतून-बाहेरून. रोजा धरतोय. तूच तर मागायचीस ना?’

गर्दसाठी खोटं बोलणाऱ्या नवऱ्याशी कसं भांडायचं ते मला पाठ होतं. अल्लाहसाठी खोटं बोलणाऱ्याशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. माझीच दुआ फिरून माझ्या बोकांडी बसली होती.

मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांना म्हटलं, सूर्यास्तानंतर तरी गोळी द्या, नाहीतर महिनाभर घरी न्यायला द्या, मी समोर बसून जिभेखाली ठेवायला लावीन. डॉक्टर माणूस चांगला, पण नियमाला बांधलेला. ‘वेळ बदलता येत नाही. तुमच्या इमामांना विचारा ना, ते काहीतरी मार्ग सांगतील.’ मी इमामसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, ‘आजाऱ्याला सूट आहे, बेटी. पण आजार आहे की नाही, ते डॉक्टरांनी सांगायचं. त्यांना विचारा.’ मी म्हटलं, त्यांनीच तुमच्याकडे पाठवलंय. दोघांच्या मध्ये माझा चेंडू झाला होता आणि तिकडे माणूस दिवसेंदिवस पिवळा पडत होता.

शेवटी इमामसाहेबांसमोर माझा तोल गेला. म्हटलं, ‘साहेब, तुमच्या दारात बसून एक माणूस गाल फुगवून फतवे देतो आणि तुम्ही आत बसून डॉक्टरांना विचारा म्हणता. माझा नवरा मेला तर जनाज्याची नमाज तुम्हीच पढवणार ना? मग आत्ता दोन शब्द बोलायला काय होतं?’ मला वाटलं, आता हाकलून देतील. पण त्यांनी टोपी सारखी केली, जोडे घातले आणि माझ्यामागून दुकानात आले.

त्यांनी स्वच्छ सांगितलं, हे मी त्यांच्या बाजूने म्हणेन. याच्यासमोर अर्धवट सोफ्यावर बसून म्हणाले, ‘औषध म्हणजे नशा नाही. तू शुद्धीवर आहेस, काम करतोस, नमाजच्या रकात मोजून पढतोस. तुझी नमाज होते. आणि आजाऱ्याला रोजा माफ आहे. ही सूट अल्लाहनेच दिली आहे. ती नाकारणं म्हणजे देणाऱ्याचा हात झिडकारणं.’

मला वाटलं, सुटले एकदाची.

याने मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाला, ‘ती सूट आजाऱ्यांसाठी आहे, साहेब. ज्याला त्याने आजारी पाडलं त्याच्यासाठी. मी माझ्या हाताने झालोय. हे डाग मी केलेत. मला कसली सूट?’

इमामसाहेबांनी आणखी दोन-तीन वेळा समजावलं. हा ‘जी’, ‘जी’ म्हणत राहिला. ज्याला ऐकायचंच नसतं तोच इतक्या अदबीने ‘जी’ म्हणतो. ते गेल्यावर याने तोंडात खिळे टाकले आणि पाठ फिरवली. पालथ्या घड्यावर पाणी. त्या दिवशी मला त्याचा जितका राग आला तितका गर्दच्या दिवसांतही आला नव्हता. तेव्हा निदान तो शुद्धीवर नसायचा.

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. पोटात कळा, पायात गोळे, झोप नाही. दुकान बंद ठेवलं. तो बाहेरच्या खोलीत चटईवर पडून असायचा, हातात तसबीह, मणी सरकतात की हात थरथरतोय ते कळायचं नाही. एकदा म्हणाला, ‘जरा मोकळ्या हवेत जाऊन येतो.’ ही मोकळी हवा मला ठाऊक आहे. मी दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये ठेवली. पण कुलपाने माणूस किती दिवस राहील? एक दिवस मला डुलकी लागली असती आणि संपलं असतं.

त्यातच माझी पाळी आली.

हे लिहावं की नाही असा विचार केला. पण हे वगळलं तर पुढचं कुणाला कळणार नाही. पाळीच्या दिवसांत बाईला नमाज माफ, रोजाही माफ. रोजे नंतर भरून काढायचे. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि घरातला प्रत्येक जण माहीत नसल्यासारखं वागतो. घरात पुरुषमाणूस रोजाने असताना समोर खायचं कसं? म्हणून मी सगळ्यांबरोबर सहेरीला उठायची, संध्याकाळी सगळ्यांबरोबर खजूर तोंडात टाकायची, आणि दुपारी स्वयंपाकघराच्या दारामागे उभ्याने, भिंतीकडे तोंड करून, रात्रीची पोळी चार घासांत संपवायची. पाणी पिताना घशाचा आवाज होऊ द्यायचा नाही. लग्नाआधीपासून हेच करत आले होते.

त्या दुपारीही तशीच उभी होते. घास तोंडात, आणि बाहेरून त्याच्या कण्हण्याचा आवाज. तो कण्हत होता आणि मी चोरून चावत होते. तेवढ्यात माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. मी इथे लपले आहे ती कुणापासून? ज्याने माफ केलं त्याच्यापासून तर नाही, त्याला दारामागचंही दिसतं. मी इमामसाहेबांना घेऊन आले, डॉक्टरांशी भांडले, आणि अल्लाहने दिलेली सूट मी स्वतः उंदरासारखी कोपऱ्यात कुरतडते आहे. मग या माणसाने ती उघड्यावर कशी घ्यावी?

मी ताटात पोळी घेतली, रात्रीची भाजी घेतली, पाण्याचा तांब्या घेतला आणि बाहेरच्या खोलीत त्याच्या चटईसमोर मांडी घालून बसले. खायला लागले.

त्याने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं आणि झटकन नजर वळवली, जणू मी कपडे बदलत होते. सासू पलीकडे खाटेवर बसली होती. तिचा चेहरा लाल झाला.

‘अगं, काय करतेस? तो रोजाने आहे.’

‘मी नाहीये, अम्मी. मला माफ आहे.’

‘माफ आहे म्हणून समोर बसून खायचं? लाज आहे की नाही?’

‘लाज कुणाची धरू ते सांगा. ज्याने सूट दिली त्याची की तुमची?’

इतकं वाकडं मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करील. पण ती माझ्या ताटाकडे बघत राहिली. मी घास चावत होते आणि त्या खोलीत तेवढाच आवाज होता. मग ती म्हणाली, ‘मी न्हाणीघरात खायचे.’

मी तिच्याकडे वळले.

‘नळ सोडून,’ ती म्हणाली. ‘चावलेलं ऐकू जाऊ नये म्हणून. तिथल्या ओल्या जमिनीवर बसून. सगळी उमर तसंच केलं. याच्या वेळी पोटुशी होते, तेव्हा तर सूट घेतलीच नाही, लोक काय म्हणतील म्हणून. चक्कर येऊन पडले होते.’

ती खाटेवरून उतरली. तिचे गुडघे दुखतात, तिला उतरायला वेळ लागतो. मुलाच्या उशाशी बसली आणि त्याची बाही वर सारायला लागली. त्याने हात ओढून घेतला. तिने तो परत धरला आणि कोपरापर्यंत बाही वर केली. ते डाग तिने आजवर कधी बघितले नव्हते. बघायचे नाहीत असं तिने ठरवलं होतं. आता एकेकावरून बोट फिरवत होती.

‘तू आजारी आहेस, बाळा,’ ती म्हणाली. ‘मी सगळ्यांना सांगत राहिले दमलाय, दमलाय. तू आजारी होतास.’

तो रडला. मी असं लिहायला हवं की मलाही रडू आलं, पण मला नाही आलं. मला वाटलं, हे एक वाक्य म्हणायला या घराला इतकी वर्षं का लागावीत? दोन शब्दांचं तर काम होतं. माझं मशीन गेलं, त्याचे दात गेले, तो वेल्डर तर जिवानिशी गेला. मी ताट बाजूला ठेवलं आणि म्हटलं, ‘दवाखाना बंद व्हायला थोडाच वेळ आहे. रडायचं असेल तर वाटेत रडा.’

तो उठला. आईच्या खांद्याचा आधार घेऊन उठला, पण उठला.

दवाखान्यात मी सिस्टरला आधी सांगितलं, याचा गालही बघा. तिने बॅटरी घेऊन बघितला. मधले दिवस गोळी अंगात गेली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी तपासून सुरुवातीचा डोस दिला आणि भरपूर बोलणी दिली. मग आम्ही बाकावर बसलो. गोळी जिभेखाली, तोंड बंद. संसारात पहिल्यांदाच तो उलट उत्तर देऊ शकत नव्हता, आणि नेमकं तेव्हाच मला बोलायला काही सुचेना.

काहीतरी बोलायचं म्हणून सिस्टरला विचारलं, ‘ईदच्या दिवशी उघडं असतं का हो?’

‘असतं,’ ती कागद लावता लावता म्हणाली. ‘पण लवकर या. नमाज सुटली की इथे रांग लागते. पार गेटपर्यंत जाते.’

त्याने मान वर केली. बोलता येत नव्हतं, पण डोळे सिस्टरवर खिळले. गोळी विरघळल्यावर त्याचा पहिला प्रश्न तोच होता. ‘नमाजहून? सरळ इथे?’

‘नव्या कपड्यांत येतात. बाकावर अत्तराचे डाग पडतात, मला पुसत बसावे लागतात.’

‘कोण कोण येतं?’

‘नावं सांगायला मला इथे ठेवलेलं नाही,’ सिस्टर म्हणाली.

बाहेर अजान झाली होती. तो उठला, कोपऱ्यातल्या बेसिनशी गेला, बाह्या वर केल्या आणि सगळ्यांसमोर वजू केला. मग ‘तू जा घरी, मी पढून येतो,’ म्हणाला आणि गेला. येईल की नाही ते मला माहीत नव्हतं. त्याच्या मागून जायची ताकदही राहिली नव्हती. मी तिथेच बाकावर बसून राहिले आणि गेटपर्यंत किती माणसं मावतील याचा अंदाज करू लागले. इतकी घरं. प्रत्येक घरात एक तरी बाई असणार, दाराला कुलूप घालून किल्ली छातीशी धरून बसलेली. आणि मी आजवर समजत होते की या शहरात अशी एकटी मीच आहे.